पिशवीचं दूध तापवायचं की नाही? (आणि साय कुठे गेली?)

चाफेकळी_गंगापूररोड

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात दोन तट पडलेत म्हणून इथे टाकते. आमच्याकडे मखमलाबादच्या एका गोठ्यावरून म्हशीच्या दुधाचा रतीब होता. दादांना आता झेपत नाही, मुलगा अंबडला कंपनीत लागला, त्यांनी म्हशी विकून टाकल्या. या महिन्यापासून पिशवी चालू. सासूबाई म्हणतात, दूध कुठलंही असो, घरात आलं की आधी गॅसवर चढवायचं, मग बाकीचं. नवऱ्याचं म्हणणं, पिशवीवर 'पाश्चराइज्ड' छापलंय म्हणजे तापवूनच आलंय, पुन्हा गॅस कशाला जाळायचा आणि पातेलं कशाला घासायचं? (पातेलं हे कधीच घासत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) मुलगी तर फ्रिजमधून काढून थंडच पिते, ते बघून सासूबाईंच्या पोटात गोळा येतो.

मला स्वतःला सायीची चिंता जास्त आहे. तूप आम्ही कधी विकत आणलं नव्हतं. पिशवीच्या दुधावर जे काही येतं त्याला साय म्हणायला जीभ रेटत नाही. तर तापवायचं का, आणि साय येईल असं दूध घ्यायचं तरी कोणतं? ब्रँडची जाहिरात नको, अनुभव सांगा.

विरजण

तापवा. विषय संपला.

पेलाभर

दुधावरचा धागा पहिल्या प्रतिसादात संपला तर अॅडमिन मिठाई वाटतील. मी आपली खुर्ची टाकून बसतो.

निवृत्त_डेअरीवाला

नोकरी सगळी डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पाश्चरायझेशनमध्ये दूध उकळत नाहीत. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद धरतात आणि लगेच ४ अंशांच्या आसपास गार करतात. क्षयाचे, टायफॉइडचे, ब्रुसेलाचे जंतू एवढ्यात मरतात. पण काही चिवट जंतू उरतातच. ते सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत, दूध मात्र नासवतात. गारव्यात ते सुस्त पडून असतात, ऊब मिळाली की वाढायला लागतात. म्हणजे पाश्चराइज्ड दूध रोगजंतूंपुरतं सुरक्षित आहे, निर्जंतुक नाही.

त्यामुळे डेअरीत काय झालं हे विचारण्यापेक्षा डेअरीतून निघाल्यावर काय झालं ते बघा. पहाटे टेम्पो येतो, दुकानाचं शटर बंद असतं, क्रेट बाहेर पायरीवर ठेवून टेम्पो पुढे जातो. दुकानदार आरामात येतो. डिसेंबरात निफाडकडचा गारठा असतो तेव्हा पायरी म्हणजेच फ्रिज. मे महिन्यात त्याच पायरीवर तेच क्रेट तासभर राहिलं तर छापलेल्या तारखेला काही अर्थ उरत नाही.

माझं उत्तर असं: पिशवी हातात घेतल्यावर गार लागली, फुगलेली नाही, गळत नाही, आणि घरी येऊन लगेच फ्रिजमध्ये गेली, तर न तापवता प्यायला हरकत नाही. यातल्या एकाही गोष्टीची खात्री नसेल तर तापवा. आमच्या घरी तापवतात. मी घरात प्रयोगशाळा काढत नाही.

सिडकोची_सून

शेवटच्या दोन वाक्यांत संसाराचं सार आलं काका.

चाफेकळी_गंगापूररोड

धन्यवाद काका. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो "हरकत नाही" एवढंच ऐकू आलं. सासूबाई म्हणतात "आमच्या घरी तापवतात" एवढंच ऐकू आलं.

दहीपूलवाला

जुन्या नाशकात जन्म गेला म्हणून सांगतो, या गावात भद्रकालीला दूध बाजार आहे आणि पलीकडे दहीपूल. आमचे आजोबा म्हणायचे, उन्हाळ्यात दूध बाजारातून निघालेलं दूध न तापवता आणलं तर दहीपुलावर येईस्तोवर विरजण लागतं. बाकी शास्त्र काकांनी सांगितलंच.

पेलाभर

आणि मेनरोडवर उभं राहिलं की ताक.

अण्णा_पंचवटी

आम्ही लहानपणी गोठ्यात जाऊन धारोष्ण दूध प्यायलो. पेला धारेखाली धरायचा, फेसासकट तोंडाला लावायचा. कोणाला काही झालं नाही. पिशव्या आल्या आणि माणसं नाजूक झाली. जंतू जंतू करत आता दुधालाही भ्यायचं काय?

कडबाकुट्टी_निफाड

अण्णा, रागावू नका. माझ्या गोठ्यात म्हशी आहेत, दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गायी आहेत, धार मी स्वतः काढतो. निरसं दूध माझ्या घरात कुणी पीत नाही. जनावर वरून धडधाकट दिसतं, पण आत ब्रुसेलोसिस असला तर कळत नाही. गाभडली (गर्भ पडला) की संशय येतो. माणसाला झाला की ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि डॉक्टर मलेरिया-टायफॉइडच्या तपासण्या करत बसतात. आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर वासराचा वार काढताना खांद्यापर्यंत हातमोजे घालतात ते उगीच नाही.

पिशवीबद्दल तुम्ही लोक काय वाद घालायचा तो घाला. सुटं दूध मात्र तापवायचंच, आणि चांगली उकळी येऊ द्यायची. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद करणं म्हणजे तापवणं नव्हे.

अण्णा_पंचवटी

बरं. पण चव गेली ती गेलीच.

कडबाकुट्टी_निफाड

चवीचं खरं आहे अण्णा. चव वैरणीची असते. लसूणघास जास्त झाला की दुधाला वास मारतो, मुरघास धारेच्या आधी घातला तरी वास येतो. पिशवीत शंभर गावचं दूध एक होतं, मग चव राहणार कुठून?

मिल्ककुकर

दूध तापवायचा कंटाळा येणाऱ्यांनी शिट्टीचा मिल्क कुकर घ्यावा. दुहेरी भिंत, मध्ये पाणी, शिट्टी झाली की बंद. उतू जात नाही, करपत नाही. (माझ्या आयडीवर जाऊ नका, मी विक्रेता नाही.)

राधिका_कॉलेजरोड

त्या कुकरमध्ये दूध पूर्ण उकळत नाही ना? मध्ये पाणी असतं म्हणजे शंभरच्या वर जाणारच नाही.

निवृत्त_डेअरीवाला

नव्वदच्या पुढे जातं, तेवढं भरपूर झालं. उकळी हा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, जंतू त्याच्या बरेच आधी गेलेले असतात. फक्त बाजूच्या बुचातून पाणी भरायला विसरू नका.

आणि उतू का जातं हे पुष्कळांना माहीत नसतं. तापताना वर प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा पापुद्रा धरतो. खालून वाफ येते, तिला वाट मिळत नाही, ती पापुद्र्याला घेऊन वर चढते. पाण्याला पापुद्रा नाही म्हणून पाणी तसं उसळत नाही. पातेल्यावर आडवा लाकडी कालथा ठेवतात तो पापुद्रा फोडायला.

सिडकोची_सून

आमच्याकडे दूध अख्खा वेळ समोर उभं राहिलं तर उतू जात नाही. फोन वाजला की जातं.

सायभात

आता चाफेकळीच्या खऱ्या दुखण्याकडे वळू या. साय.

पिशवीवर बारीक अक्षरात 'होमोजिनाइज्ड' लिहिलंय का बघ. लिहिलं असेल तर साय विसर. त्यात दूध प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून काढतात, स्निग्धांशाचे गोळे इतके बारीक होतात की वर तरंगतच नाहीत. फॅट दुधातच असतं, पण सगळीकडे सारखं पसरलेलं. चहाला उत्तम, लोण्याला शून्य. गाईच्या दुधाच्या पिशव्या बहुतेक अशाच असतात.

दुसरं म्हणजे फॅटचा आकडा बघ. फुल क्रीममध्ये फॅट किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे 'निळी द्या, हिरवी द्या' म्हणू नकोस, वाचून घे. होमोजिनाइज न केलेलं फुल क्रीम घे, मोठ्या उकळीनंतर आच बारीक करून पाच-दहा मिनिटं तसंच ठेव, मग पूर्ण निवू दे, झाकण अर्धवट ठेव आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पातेलं न हलवता काढ. कडेने सुरी फिरवली की साय भाकरीसारखी उचलून येते.

तुपाचा हिशेबही करून टाकते. फुल क्रीमच्या एका लिटरात सुमारे ६० ग्रॅम फॅट. रोज एक लिटर धरलं तर महिन्याला १,८०० ग्रॅम. सगळं काही सायीत येत नाही, पण निम्मं आलं तरी पाऊण-एक किलोच्या आसपास तूप. टोन्ड घेऊन 'तूप का निघत नाही' असं विचारणाऱ्या माझ्या नणंदेला मी हा हिशेब कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून दिलाय.

चाफेकळी_गंगापूररोड

आमची होमोजिनाइज्डच निघाली! घरात कुणी वाचलंच नव्हतं.

सायभात

आणि बेरी टाकून देऊ नकोस. गूळ घालून वड्या.

टोन्डराव

टोन्ड दुधाला इथे सावत्र वागणूक मिळतेय म्हणून थोडा इतिहास. हे दूध आपल्याच राज्यात जन्माला आलं. चाळीसच्या दशकात मुंबईत दुधाची टंचाई होती आणि म्हशीचं दूध गरिबाला परवडत नव्हतं. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून फॅट खाली आणलं, प्रथिनं राखली, दूध वाढलं आणि किंमत उतरली. आरे कॉलनी १९४९ ची, तिच्यामागेही तेच. पुढे १९६३ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून. कुरियन सगळ्यांना माहीत, खुरोडींचं नाव मुंबईबाहेर कुणी घेत नाही.

अण्णा_पंचवटी

म्हणजे दुधात पाणी घालायला पुरस्कार मिळाला. आमचा गवळी उगाच शिव्या खायचा.

टोन्डराव

अण्णा, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय.

सातपूरचा_पक्या

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, लॅक्टोमीटर घ्यावा का? ऑनलाइन दोन-तीनशेत मिळतो. आमचा सुटं दूधवाला इतका गोड बोलतो की संशयच येतो.

निवृत्त_डेअरीवाला

घ्या, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. लॅक्टोमीटर घनता मोजतो. चांगल्या दुधात साधारण २८ ते ३२ दाखवतो, पाणी घातलं की खाली उतरतो. आता गंमत बघा. स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. म्हणजे साय काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं, आकडा वर जातो. मग त्यात बेतानं पाणी घातलं की आकडा पुन्हा ३० वर! मलई एकीकडे विकली, पाणी दुसरीकडे खपलं, आणि तुमचा लॅक्टोमीटर म्हणतो सगळं ठीक. साखर, मीठ, युरिया घालूनही घनता चढवता येते.

म्हणून संकलन केंद्रावर डिग्रीसोबत (म्हणजे लॅक्टोमीटरच्या आकड्यासोबत) फॅट मोजतात. जुनी गर्बर पद्धत माझ्या हाताखालची: १० मिलि सल्फ्युरिक आम्ल, त्यावर हळूच १०.७५ मिलि दूध, १ मिलि अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवलं की नळी चटका बसेल एवढी गरम होते आणि दूध कॉफीसारखं काळपट दिसतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर पिवळसर पारदर्शक थर येतो, तो नळीवरच्या रेघांवर वाचायचा. आता मशिनमध्ये नळी बुडवली की मिनिटभरात पावती निघते.

घरी करण्यासारखी एकच चाचणी सांगतो: उकळून निवलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचा थेंब. निळं झालं तर पिठूळ काहीतरी घातलंय. बाकी नखावर थेंब ठेवून बघणं वगैरे करमणूक आहे.

कडबाकुट्टी_निफाड

काकांची पावतीची गोष्ट बरोबर, पण ती पावती आमच्या बाजूनं बघा. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो. पॉइंट खाली गेला की पैसे कापतात, वर गेला की तेवढे वाढत नाहीत. एकाच गायीचं सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध वेगळं लागतं, संध्याकाळी फॅट जास्त येतं. धारेच्या सुरुवातीला पातळ, शेवटच्या धारा दाट. वासराला शेवटच्या धारा सोडल्या तर फॅट आमचंच कमी लागतं. तरी सोडतो.

२०२४ ला गाईच्या दुधाचा भाव ३० च्या खाली आला, सरकारनं लिटरमागे ५ रुपये अनुदान काढलं. त्यासाठी गायीच्या कानातला बिल्ला, आधार, बँक खातं सगळं ऑनलाइन जुळवायचं होतं. सरकीचं पोतं मात्र ऑनलाइन स्वस्त झालं नाही. तुमच्या दाराला दूध किती रुपयांना पडतं?

राधिका_कॉलेजरोड

गाईचं पिशवीतलं ५५ च्या पुढे. सुटं म्हशीचं ७० च्या वर, कुठे ८०.

कडबाकुट्टी_निफाड

बघा. मधले कुठे गेले ते मी विचारत नाही, शहाण्यानं ओळखावं.

सातपूरचा_पक्या

दादा पटतंय, पण २०१७ च्या जूनमध्ये शेतकरी संपात रस्त्यावर दूध ओतलं ते नाही पटलं. पुणतांब्यापासून पेटलं आणि आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जोरात चाललं. आमच्याकडे तान्हं बाळ होतं, भुकटीचा डबा शोधत फिरलो होतो.

कडबाकुट्टी_निफाड

ओतताना आम्हालाही बरं वाटत नव्हतं भाऊ. पहाटे चारला उठून काढलेलं असतं ते. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी ओतलं नाही, लोकांना फुकट वाटलं, नाहीतर घरी खवा आटवला. फुकट वाटल्याचा फोटो कुणी छापला नाही, ओतल्याचा छापला.

अॅडमिन

चर्चा चांगली चालली आहे, पण शेतीमालाच्या भावावर वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे दूध पिऊ द्या.

आईपण_देगा

दूध पिण्यावरून आठवलं. माझा चार वर्षांचा मुलगा पेला बघितला की पळतो. सासरे म्हणतात, दिवसाला दोन पेले गेलेच पाहिजेत. चॉकलेटची पावडर घातली तरच घेतो. काय करू?

डॉ_नव्हे_पण_परिचारिका

बालरोग विभागात इतकी वर्षं काम करते, तेवढ्यावर सांगते. दुधाला कॅल्शियम आणि प्रथिनांसाठी मान आहे. गाईच्या १०० मिलि दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, तीन-सव्वातीन ग्रॅम प्रथिनं. पण लोह जवळजवळ नाही. आमच्याकडे पांढरीफटक पोरं येतात, आई म्हणते 'काही खात नाही, पण दूध लिटरभर पितो'. अहो, दूध पितो म्हणूनच खात नाही. पोट तिथेच भरतं. या वयात अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ नका, आणि पेला नाही घेतला तर दही, ताक, पनीर, नाचणीची खीर. पावडर म्हणजे बहुतेक साखर. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी गाईचं-म्हशीचं वरचं दूध लावू नका, आजी काहीही म्हणोत. अडचण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आईपण_देगा

शिकरण मात्र वाटी चाटूनपुसून खातो!

डॉ_नव्हे_पण_परिचारिका

मग झालं की. दूध पोटात गेलं, पेल्यातून जायला पाहिजे असं कुठे आहे?

पेलाभर

निषेध.

सिडकोची_सून

मला तिशीनंतर दूध प्यायलं की पोट गुबारतं, गुडगुडतं. चहा चालतो, दही चालतं. मिसळीनंतर ताक तर अमृत. हे काय गौडबंगाल आहे?

निवृत्त_डेअरीवाला

लॅक्टोज. दुधातली साखर, साडेचार-पाच टक्के. ती पचवणारं लॅक्टेज लहानपणी भरपूर असतं, मोठेपणी जगातल्या बहुतेक माणसांत कमी होतं. दही लागताना जिवाणू त्यातलं काही लॅक्टोज खाऊन आम्ल करतात, शिवाय दह्यातले जिवाणू आतड्यात उरलेलं पचवायला मदत करतात. चहातलं दूध थोडंसंच. तापवून लॅक्टोज जात नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे घरात नवा वाद नको.

शुद्धदेशी

या सगळ्यावर एकच उपाय: देशी गाईचं ए-२ दूध. काचेच्या बाटलीत घरपोच. लिटरला शंभराच्या पुढे जातं, पण पचायला हलकं आणि आजार पळतात. विदेशी गाईचं ए-१ दूध विष आहे.

निवृत्त_डेअरीवाला

विष वगैरे शब्द जपून. ए-१ आणि ए-२ हे बीटा केसीन या प्रथिनाचे दोन प्रकार. दोनशेच्या वर अमिनो आम्लांच्या साखळीत ६७ व्या जागी एकात हिस्टिडीन, एकात प्रोलीन. काहींना ए-२ ने पोट बरं वाटतं असे छोटे अभ्यास आहेत, पण 'आजार पळतात' म्हणण्याइतका पुरावा नाही. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए-१, ए-२ चे दावे काढायला सांगितलं आणि आठवडाभरात तो आदेश मागे घेतला. आणि एक गोष्ट या बाटलीवर कुणी छापत नाही: म्हशीचं दूध ए-२ च असतं. ७० रुपयांत.

सायभात

काका, शेवटच्या वाक्यावर शिट्टी.

वाडीवऱ्हे_एक्सप्रेस

देशी गाईचं कौतुक करायचं तर आपल्या जिल्ह्याच्या डांगीचं करा. इगतपुरी, त्र्यंबक, पलीकडे अकोले, हा तिचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे ठिपके, कातडी तेलकट, धो धो पावसात भाताच्या खाचरात दिवसभर उभी राहते. दूध मात्र बेताचं, तिची पैदास कामासाठी झाली. शहरात 'देशी' म्हणून बाटल्या येतात त्यात गीर असते किंवा साहिवाल. डांगीच्या दुधावर धंदा होत नाही, म्हणून तिची जाहिरातही होत नाही.

राधिका_कॉलेजरोड

मी वर्षभर ओट्सचं दूध पितेय. सांगून ठेवते, शिव्या नकोत.

अण्णा_पंचवटी

त्याला धार कशी काढतात?

चाफेकळी_गंगापूररोड

धागा कुठच्या कुठे गेला, पण उपयोग झाला. घरातला तह सांगते. होमोजिनाइज्ड टोन्डची अर्धा लिटरची पिशवी नवऱ्याची आणि लेकीची. दुकानदाराकडून पायरीवरची नाही, आतल्या फ्रिजमधली घ्यायची, घरी येताना कापडी पिशवीत ओला नॅपकिन. ती तापवायची नाही. एक लिटर फुल क्रीम, होमोजिनाइज न केलेलं, सासूबाईंचं राज्य. ते तापणार, निवणार, साय धरणार. विरजणही त्याचंच. न तापवलेल्या दुधाचं दही मुलीने लावून बघितलं होतं, सुरीने कापता येईना, ओतावं लागलं.

निवृत्त_डेअरीवाला

बरोबर आहे. ८५-९० अंशांपर्यंत तापवलं की दुधाच्या निवळीतली प्रथिनं उलगडतात आणि केसीनला धरून बसतात, म्हणून दही घट्ट होतं. ७२ अंशांना १५ सेकंदांत तेवढं होत नाही. म्हणजे दह्यासाठी पिशवीचं दूधसुद्धा तापवायचंच. सासूबाईंना सांगा, अर्धा गुण त्यांना.

विरजण

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, कुणी ऐकतच नाही.

टोन्डराव

रिकाम्या पिशव्यांचं काय करता? कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका. तो इवलासा तुकडा नाल्यात जातो, कुणी वेचत नाही. टोक पिशवीला लटकतं ठेवलं, धुऊन वाळवून गठ्ठा केला तर भंगारवाला घेतो. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत पिशवीमागे ५० पैसे परत द्यायचं ठरलं होतं, ते मला तरी अजून कुणी दिलेले नाहीत.

दहीपूलवाला

कोजागिरीला सायभात ताईंच्या घरी मसाला दूध आहे असं कळलं.

सायभात

तुम्हाला कुणी सांगितलं? बरं या. पण आटवायला बसायचं, आयतं प्यायचं नाही. सहा लिटरची कढई आहे, ढवळायला माणूस लागतो.

आईपण_देगा

विषयांतर, पण इथे गोठेवाले आहेत म्हणून विचारते. चीक मिळेल का कुठे? बाजारात खरवस म्हणून जे मिळतं त्यात चायना ग्रास असतं. सासऱ्यांना खऱ्या चिकाचा खायचा आहे.

कडबाकुट्टी_निफाड

माझी एक म्हैस पुढच्या पंधरवड्यात व्यायला झालीय. पहिला चीक पारडूचा, त्यावर त्याची ताकद असते, तो मी कुणालाच देत नाही. ते पिऊन उरला तर दुसऱ्या दिवसाचा देईन. तो दाट असतो, बरोबरीनं साधं दूध घालायला लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. गूळ, वेलची, जरा जायफळ, आणि शिट्टी काढून वाफवायचा.

आईपण_देगा

दादा, पैसे किती आणि यायचं कुठे?

कडबाकुट्टी_निफाड

चिकाचे पैसे आमच्याकडं घेत नाहीत. म्हैस व्यायली की निरोप टाकतो, सकाळी आठच्या आत या. झाकणाचा स्टीलचा डबा आणा, आणि परत देताना रिकामा देऊ नका म्हणजे झालं.